धर्माचा रकाना

आमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला आणि का घेतला, हे कुणालाच ठाऊक नाही. वसईच्या बहुतेक ख्रिस्ती घरांची हीच गत. चर्चच्या वह्या पार मागे जातात, पण त्या पहिल्या माणसापर्यंत कुणी पोचत नाही. तो स्वखुशीनं गेला असेल, सगळा पाडा गेला म्हणून गेला असेल, किंवा आईबाप मेल्यावर कुणीतरी त्याचा हात धरून नेलं असेल. ही शेवटची शक्यता मला फार छळते, कारण तिच्या पाठीशी कायदा होता. 1559 साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं गोव्यासाठी फर्मान निघालं, की ज्या हिंदू मुलाला आईबाप, आजाआजी उरलेली नाहीत त्याला जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करावं आणि त्याचा बाप्तिस्मा करावा. इकडे वसईत आणि मुंबईलगतच्या साष्टीत राजा तोच होता आणि पाद्रीही तेच.

लग्न होऊन मी मरोळला आले. तिथून जवळच, कोंडिविट्याला, आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड 1579 चं एक पडकं चर्च उभं आहे. तेही जेझुइटांनीच बांधलेलं. आणि याच अंधेरी पूर्वेला 1962 साली फादर रिकार्डो फ्रँको या स्पॅनिश जेझुइटानं रस्त्यावरच्या मुलांसाठी स्नेहसदन सुरू केलं. संघ तोच, साष्टीचं बेटही तेच, आणि समोर पुन्हा ज्याचं कुणी नाही असं मूल. मधल्या चारशे वर्षांत त्या मुलावरचा हक्क कोणाचा, याचं उत्तर बदललं का, हा माझा प्रश्न आहे. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. तिथं मधल्या सुट्टीत चहा घेताना माझ्या सहकारी बाई हाच प्रश्न सरळ विचारायच्या: "काय हो बाई, तुमचे फादर ही पोरं गोळा करतात, ती शेवटी बाटवायलाच ना?" मला राग यायचा नाही. वसईच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा अधिकार कुणालाही आहे, असं माझं आजही मत आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिशनच्या अशाच एका घरातून एक मुलगा आमच्या शाळेत दाखल व्हायला आला. दहा-अकरा वर्षांचा असेल. आडनाव विचारलं तर म्हणाला, भुसावळ. तिथून गाडीत चढला होता, एवढंच त्याला सांगायचं होतं. जनरल रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. वडिलांचं नाव, जन्मस्थळ, धर्म, जात, सगळे रकाने रिकामे. धर्माचं विचारल्यावर त्यानं मलाच उलट विचारलं, "तुमचा कुठला, बाई?" मी म्हटलं, ख्रिस्ती. "मग तोच लिहा ना," तो म्हणाला, आणि टेबलावरच्या खडूच्या पेटीकडे बघत राहिला. मुख्याध्यापकांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि पोराला वर्गात पाठवलं.

धर्मांतरावर मी जी भाषणं ऐकली, दोन्ही बाजूंची, त्यांत या पोराला जागाच नसते. एक बाजू म्हणते, सक्ती झाली. दुसरी म्हणते, त्यानं स्वतःच्या तोंडानं मागितलं. इथं सक्ती कुणीच केली नव्हती, आणि त्यानं मागितलंही होतं. फलाटावर राहणाऱ्या मुलाला पहिली विद्या हीच येते, की समोरच्या मोठ्या माणसाला काय आवडेल ते ओळखायचं. हमालाला एक नाव सांगायचं, पोलीसमामाला दुसरं. जेवण देणाऱ्याला त्याचा देव. अशा मुलाचा होकार इतका स्वस्त असतो, की तो घेणाऱ्यालाच लाज वाटायला हवी.

चर्चनं याचा विचार केला नाही असं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासनं स्वच्छ लिहून ठेवलं, की ज्यूंच्या किंवा इतर अख्रिस्ती लोकांच्या मुलांचा आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा करणं हे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे. मूल कळतं होईपर्यंत आईबापांच्या छायेत असतं, ती छाया मोडू नये. उत्तम. पण त्याचा सगळा डोलारा आईबापांच्या हक्कावर उभा आहे. ज्याला आईबाप नाहीत त्याचं काय? 1559 च्या फर्मानाला एवढी फट पुरली. ती आजही पुरती बुजलेली नाही. 1983 साली निघालेल्या चर्चच्या कायदेसंहितेत 870 वं कलम आहे: टाकून दिलेलं बाळ सापडलं आणि कसून चौकशी करूनही त्याचा बाप्तिस्मा झाल्याचं आढळलं नाही, तर त्याचा बाप्तिस्मा करावा. माझ्या धर्माचा कायदा आहे, तरी मला तो पटत नाही. मात्र त्याच संहितेत सात वर्षं ओलांडलेलं, समज आलेलं मूल बाप्तिस्म्यापुरतं प्रौढ धरलं आहे. त्यानं स्वतः इच्छा बोलून दाखवली पाहिजे, त्याला शिकवण मिळाली पाहिजे, त्याची पारख झाली पाहिजे. रस्त्यावरचं मूल बहुधा याच वयाचं असतं. म्हणजे कायदा त्याच्या बाजूनं आहे, वापरणारा प्रामाणिक असला तर.

आणि खरं तर ही मुलं अनाथ नसतातच. लोक सरसकट तसं म्हणतात. बहुतेकांना आई असते, बापही असतो. कुणाचा दारू पिऊन मारतो, कुणाची आई दुसऱ्या घरी गेलेली असते, कुणाला फक्त मुंबई बघायची असते. बोरिवलीला, दादरला, व्हीटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांतून अशी पोरं उतरायची आणि चार दिवसांत फलाटाची होऊन जायची. त्यांच्यासाठी सरकारी सोय होती ती डोंगरीच्या रिमांड होमची. पोलिसांनी धरायचं, कोर्टापुढे उभं करायचं, आत पाठवायचं. मुलं त्याला तुरुंगच म्हणायची आणि संधी मिळताच पळायची.

स्नेहसदनच्या पहिल्या वर्षांतलं मोठं काम मला असं दिसतं, की त्यांनी संस्था काढण्याऐवजी घरं काढली. मोठं वसतिगृह, घंटा आणि लांबलचक रांग याऐवजी एकेक घर. त्यात एक जोडपं आईबापांच्या जागी आणि भोवती लहानमोठी मोजकी मुलं, भावंडांसारखी. शिकायला शेजारपाजारची मुलं जातात त्याच शाळेत. ऑस्ट्रियात हर्मान ग्माइनरनं 1949 पासून एसओएस बालग्रामं याच धर्तीवर उभी केली होती, पण ती भारतात आली 1964 साली. अंधेरीची घरं त्याच्या आधीची. जात आणि धर्म न विचारता मुलं घेतली गेली. पुढे फादर प्लासी फोन्सेकांनी हे काम अनेक दशकं सांभाळलं आणि मुलं गाडीतून उतरतात तिथंच, व्हीटीला, त्यांना गाठण्याची सोय झाली.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद ऑक्टोबर 1962 मध्ये भरली, आणि श्रद्धेच्या बाबतीत कुणावर कसलीही बळजबरी नको हे तिनं जाहीर केलं डिसेंबर 1965 मध्ये. म्हणजे अंधेरीतलं काम आधी सुरू झालं, कागद मागून आला. इकडे महाराष्ट्रात परदेशी पाद्र्यांकडे संशयानं पाहिलं जात होतं. मनमाडला शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी राबणाऱ्या फादर व्हिन्सेंट फेरर या दुसऱ्या स्पॅनिश जेझुइटाला 1968 साली देश सोडावा लागला. अशा हवेत एक परदेशी पाद्री बेवारस पोरं घरात घेतो, म्हणजे त्यानं संशयाला आमंत्रणच दिलं.

मराठी माणसाला या संशयाची जुनी ओळख आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचा शब्द दिला होता. पुढे सदन पुण्याला गेलं. रमाबाई आपली ख्रिस्ती प्रार्थना दार उघडं ठेवून करत, काही मुली येऊन बसत. त्यावरून वादळ उठलं आणि 1893 साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. या वादात मी रमाबाईंच्या बाजूनं आहे, पण पूर्णपणे नाही. स्वतःचा देव लपवून कुणाची सेवा करावी असं मी म्हणणार नाही. लपवलेला देव मुलांना लगेच कळतो आणि मग ती तुमच्या इतर गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत. पण जिच्या डोक्यावरचं छप्पर तुमच्या हातात आहे तिच्यासाठी तुमचं उघडं दार हे नुसतं दार राहत नाही. तिला आत यावंसं वाटतं, आणि का वाटतं हे तिचं तिलाही सांगता येत नाही. भुसावळच्या पोरानं मला हेच दाखवलं होतं.

लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकतो. हरवल्याचे तीन दृष्टांत तिथं एकापाठोपाठ येतात. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला निघतो. बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते. तिसरा उधळ्या मुलाचा. आणि तिथं बाप शोधायला जातच नाही! वाटा मागितला, दिला. मुलगा गेला, जाऊ दिला. तो परतताना दुरून दिसल्यावर मात्र बाप धावत सुटतो. पाद्री लोक प्रवचनात या तिन्हींचा एकच अर्थ सांगून मोकळे होतात; मला ते कधी रुचलं नाही. मेंढरू आणि नाणं मालकीचं असतं, म्हणून त्याला शोधून उचलून आणता येतं. मुलगा मालकीचा नसतो.

रस्त्यावरच्या मुलांचं काम करणाऱ्याला हे तिन्ही एकाच देहात सांभाळावे लागतात. रात्री फलाटावर त्यानं मेंढपाळासारखं फिरावं, कारण तो गेला नाही तर दलाल आधी पोचतो. पण मूल घरात आल्यावर त्यानं त्या बापासारखं व्हावं, ज्याच्या घराचं दार आतून उघडता येतं. मुलं पळतात. नवे कपडे घालून पळतात, भांडी विकून पळतात, महिन्यानं परत येऊन जेवायला बसतात. ज्याला हे सोसत नाही तो भिंत बांधतो, मग त्या भिंतीवर क्रूस लावा नाहीतर सरकारी पाटी. 1559 चे पाद्री निर्दय होते असं मला वाटत नाही. मूल म्हणजे सापडलेलं नाणं, असं ते धरून चालले.

एकनाथांची कथा इथं फार उपयोगी पडते. पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळवंटात महाराचं पोर रडत होतं. नाथांनी ते कडेवर घेतलं, उगी केलं आणि त्याच्या आईकडे नेऊन दिलं. सोवळं मोडल्याबद्दल नाथांचं कौतुक होतं, ते रास्तच. पण मला शेवट महत्त्वाचा वाटतो: नाथांनी ते पोर स्वतःचं केलं नाही. हीच समज मला अंधेरीतही दिसली. तिथं पश्चिमेला, वीरा देसाई रोडवर, सेंट कॅथरिन होम आहे. मदर अॅना हुबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन सिस्टरनं तिथं टाकलेल्या मुलींसाठी आयुष्य वेचलं आणि 1942 साली नवा धर्मभगिनी संघ उभा केला. त्या कामासाठी जर्मनीत पैसे जमवणाऱ्या रोझी गोलमान या शिक्षिकेनं 1967 साली अंधेरीच्याच नावाची संस्था काढली, आणि पुढे मदतीचा ओघ खेड्यांकडे वळवला. घरी पोटाला मिळालं तर मुलांना इथं यावंच लागणार नाही, म्हणून. अनाथाश्रमाला मदत करता करता अनाथाश्रम नको व्हावा असं वाटू लागणं, याहून सरळ धर्मबुद्धी मी पाहिलेली नाही.

उधळ्या मुलाच्या दृष्टांतात एक थोरला भाऊही आहे, आणि प्रवचनात त्याच्यावरून घाईनं पुढे जातात. तो धाकट्याला भाऊ म्हणत नाही. बापाशी बोलताना त्याचा उल्लेख तुझा मुलगा असा करतो. आमच्या शाळेत पालक यायचे आणि म्हणायचे, त्या मिशनच्या पोरांशेजारी आमच्याला बसवू नका. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि दर रविवारी मिस्साला माझ्या पुढच्या बाकावर बसणारेही होते. नाताळात केक आणि जुने स्वेटर देऊन फोटो काढणारेही हेच. मूल बाटतंय का, याची काळजी करणाऱ्यांपैकी कुणी त्याला आपल्या घरी जेवायला नेल्याचं मी पाहिलं नाही. धर्म कुठलाही असो, थोरले भाऊ सगळीकडे सारखेच निघाले.

भारतानं 1992 साली बालहक्क संहिता मान्य केली. घर सुटलेल्या मुलाची सोय करताना त्याचा धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा धागा तुटू नये, असं तिच्या विसाव्या कलमात आहे. चांगलं आहे. पण धागा सांभाळायला आधी कुणीतरी मूल सांभाळावं लागतं. 1996 साली मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरियांच्या पुढाकारानं मुलांसाठी 1098 ही फुकट फोनची सोय सुरू झाली, आज ती देशभर आहे. बोरिवलीला, घाटकोपरला, अंधेरीला गाडीची वाट बघताना एकटं, बावरलेलं मूल दिसलं तर तो नंबर लावा आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. त्याला भूक लागली आहे का, ते विचारा. आडनाव आणि धर्म विचारू नका. तुम्हाला हवं ते उत्तर तो देईल.