कासव अंग बाहेरही काढतं



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८.

कासव जसं आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर झाली, असा याचा साधा अर्थ. आपल्याकडे बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. लहानपणापासून त्याला हात लावून नमस्कार करत आले. पण ते तिथे का बसवलंय, हा विचार खरं सांगायचं तर या वर्षीच नीट केला.

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका येऊन सात महिने झाले. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं, समज मात्र पूर्ण शाबूत. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. डायपर, कूस बदलणं, पाणी. ज्यांच्या घरी असं कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

मध्यंतरी एका रात्री अडीच वाजता चादर तिसऱ्यांदा बदलताना माझ्या तोंडून गेलं, "आई, तुम्ही हे मुद्दाम करता का हो?" त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं.

सकाळी पोथी उघडायची लाज वाटली. मग ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. गीतेत सांगितलंय ना, आवरायचं? आवरलं. त्यानंतर तीन आठवडे मी सगळं वेळच्या वेळी, तोंडातून अक्षर न काढता केलं. ह्यांनी कौतुकही केलं, "किती शांतपणे करतेस गं सगळं." मलाही वाटू लागलं की चला, थोडी समता आली अंगात.

मग तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आईंची जीभ बघून विचारलं, "पाणी किती पितात या?" तेव्हा लक्षात आलं. आईंनी संध्याकाळनंतर पाणी मागणंच सोडलं होतं. पाणी नाही तर लघवी नाही, आणि लघवी नाही तर मला उठायला नको! खोदून विचारलं तेव्हा अडखळत म्हणाल्या, "तुला त्रास नको गं."

म्हणजे ज्याला मी शांती म्हणत होते, तिच्यापायी एक म्हातारं माणूस तहानलेलं झोपत होतं. माझा आवाज चढला नव्हता, पण हात तर बोलत होते ना. आईंना ते कळत होतं.

त्या दिवशी परत याच श्लोकाशी आले. माऊलींनी ज्ञानेश्वरीत इथे काय केलंय बघा. मूळ श्लोकात कासव फक्त अंग आत घेतं. माऊलींचं कासव आधी आनंदाने अवयव पसरतं आणि मग आपल्या इच्छेने आवरतं. मी हे कितीदा वाचलं असेल! पण त्यातलं पसरणं कधी दिसलंच नव्हतं. भ्यालेलं कासवही आत जातंच की. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. माझं आवरणं हे रुसलेल्या माणसाचं आवरणं होतं, आत जाऊन दार लावून बसलेलं.

पुढचाच श्लोक, ५९ वा, तर माझ्यासाठीच लिहिल्यासारखा. उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी आत तशीच राहते, असं भगवंत म्हणतात. मी शब्दांचा उपास धरला होता. कडूपणा आत होता तिथेच होता. आणि ६० व्या श्लोकात लगेच कबुली आहे की प्रयत्न करणाऱ्या जाणत्या माणसाचंही मन इंद्रियं ओढून नेतात. मला या श्लोकाने फार धीर दिला. ज्याने हे सांगितलं त्याला आपली अडीच वाजताची अवस्था माहीत असणार.

आणखी एक. अर्जुनाने ५४ व्या श्लोकात विचारलं होतं की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. किती रोजच्या व्यवहारातला प्रश्न! उत्तराला पुढचे १८ श्लोक लागले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपल्याला माहीत आहेच. कोंडलेल्या जागेत दोघंही आत मिटून बसले नाहीत. (तुरुंगाची तुलना घराशी करू नये म्हणा, पण रात्री कधी कधी मनात येते.)

मी आईंची माफी मागितली. त्यांनी डाव्या हाताने माझा हात दाबला. पलंगाशी आता एक छोटी घंटा ठेवली आहे, देवघरातलीच जुनी. पहिले दोन दिवस वाजवायला संकोचल्या.

काल रात्री तीन वाजता वाजली. राग आला, खोटं कशाला सांगू. क्षणभर तशीच पडून राहिले, मग उठले. पाणी देताना म्हटलं, "आई, आज फार झोप येतेय हो मला." त्या हसल्या, अर्ध्याच तोंडाने. म्हणाल्या, "मलापण."

उद्या श्लोक ६१.

राम कृष्ण हरी.