मैफल थांबली तेव्हा

अलीकडे कुठल्याही मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: लॉकडाऊनच्या काळात तुम्ही काय केलंत? माझं उत्तरही आता ठरून गेलेलं आहे. रियाजाला निवांत वेळ मिळाला, बाजूला पडलेले काही राग पुन्हा गळ्यावर चढले, शिष्यांकडे लक्ष देता आलं. यातलं अक्षरही खोटं नाही. तरीही हे बोलून झालं की मन स्वस्थ होत नाही. कारण हे उत्तर माझ्या एकटीचं आहे, आणि मैफलीत मी एकटी कधीच गायलेली नाही. एका बाजूला तबला असतो, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, मागे तानपुऱ्यावर दोघी, आणि पार शेवटच्या रांगेमागे मिक्सरवर बोटं ठेवून बसलेला साउंडवाला. त्याच महिन्यांत या माणसांच्या वाट्याला काय आलं, ते माझ्या उत्तरात कुठेच नाही. म्हणून तो काळ मला स्वतःपुरता तरी नीट तपासून पाहायचा आहे.

आम्हा गाण्या-वाजवण्यावर जगणाऱ्यांचं वर्ष पाडव्याला उजाडतं. पाडवा पहाट, रामनवमी, हनुमान जयंती, गावोगावच्या यात्रा, लग्नसराई, मग पावसाळ्याची ओढगस्त, आणि पुन्हा गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट. २०२० साली देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला तो २५ मार्चला, म्हणजे नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झाले. मधल्या काळात, ५ नोव्हेंबर २०२० पासून, नाट्यगृहं निम्म्या आसनांवर उघडली खरी, पण पुरती सावरण्याआधीच पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव २०२० च्या डिसेंबरात झाला नाही, २०२१ च्याही नाही. सलग दोन पाडवे गेले. ज्याचं वर्षाचं गणित चैत्रावर बसवलेलं असतं, त्याच्यासाठी याचा अर्थ दोन अख्खी वर्षं गेली असा होतो.

हे गणित सगळ्यांचं सारखं नव्हतं, आणि माझ्या तपासणीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. माझ्या घरात दुसरा पगार येत होता. शिकवण्या होत्या. कार्यक्रम बुडाले, पण किराणा कधी अडला नाही. माझ्या साउंडवाल्याने नवे स्पीकर कर्जावर घेतले होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. नाटकाच्या बॅकस्टेजवाल्यांना ‘नाईट’ मिळते. प्रयोग नाही तर नाईट नाही. लग्नाला पन्नासच माणसं म्हटल्यावर बँडवाले आणि सनई-चौघडेवाले यादीतून पहिले गळले.

आणि पुण्याहून दीड-दोन तासांवर नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसं येऊन सुपारी ठरवतात. फडमालकाने कलावंतांना उचल आधीच दिलेली असते, त्यासाठी स्वतः कर्ज काढलेलं असतं, आणि त्याची सगळी फेड चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर असते. यात्राच भरली नाही, तेव्हा नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे बिगारी, ट्रकचा ड्रायव्हर, एका फडावर पोट असलेली ही सगळी माणसं कर्जासकट घरी बसली. मे २०२१ मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. तेव्हा मोठमोठे फड लागोपाठ दुसऱ्या वर्षी मोकळे बसून होते. ‘कलाकारांनी कसे दिवस काढले’ असं आपण एका दमात म्हणतो, तेव्हा या सगळ्यांना आणि मला एकाच ओळीत बसवतो. तो हक्क मला नाही.

आता माझ्या खोलीतलं सांगते. शिकवणी झूमवर सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात शिष्या म्हणाली, “ताई, तुमचा तानपुरा मध्येच जातोय.” शोध घेतल्यावर कळलं की त्या यंत्रणेला अखंड, एकसारखा चालणारा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, आणि ती तो पुसून टाकते. ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं एक बटण सापडल्यावर तानपुरा परत आला. पण दुसऱ्या अडचणीला बटण नव्हतं. आवाज इथून तिथे पोचायला क्षणभर उशीर होतोच, आणि लयीला तेवढा क्षणही परवडत नाही. दोन गावांतले दोघं एकाच वेळी एका समेवर येऊच शकत नाहीत. मग मी मोबाइलवरचं तबल्याचं ॲप लावलं. विलंबित एकताल, हवा तो लयीचा आकडा, हवी ती पट्टी. ॲप कधी थकत नाही, रजा मागत नाही, मानधनही मागत नाही.

ते चालू असताना एकदा मनात आलं, की माझ्या तबलजींचं, दादांचं, काम मी या यंत्राला दिलं आहे. शिकवणीची फी माझ्याकडे येते आहे. पूर्वी आठवड्यातून एकदा वर्गावर वाजवून त्यातला जो वाटा दादा घेऊन जायचे, तो आता माझ्याकडेच राहतो आहे. दुसरा उपाय नव्हता, हे खरं. दादा घरात येऊ शकत नव्हते, आणि दुरून साथ होत नव्हती. पण उपाय नसणं वेगळं आणि प्रश्न नसणं वेगळं. ॲप लावायचं की नाही, हा प्रश्न नव्हताच. उरलेल्या पैशाचं काय करायचं, हा होता.

मी दादांना फोन केला. पैसे पाठवते म्हटलं. ते म्हणाले, “ताई, राहू द्या. अजून तशी वेळ आलेली नाही.” थोडं थांबून म्हणाले, “काही वाजवायचं असेल तर सांगा.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मदत देणाऱ्याला मदत सोपी वाटते, कारण ती देऊन मोकळं होता येतं. काम देणं अवघड, कारण काम आधी शोधावं लागतं, आखावं लागतं, त्याचा मोबदला ठरवावा लागतो. मी पैसे देऊ करत होते ते दादांच्या गरजेसाठी की माझ्या मनाची टोचणी जावी म्हणून? प्रामाणिक उत्तर असं, की दोन्ही होतं आणि दुसरं थोडं जास्त होतं. दादांना ते कळलं असणार. तीस-पस्तीस वर्षं गायकाच्या श्वासावर नजर ठेवून वाजवलेला माणूस आहे तो.

मग आम्ही एक पद्धत बसवली. मी तानपुऱ्यावर आणि ठेक्याच्या बारीक टिकटिकीवर अभंग गाऊन पाठवायचा, दादांनी कानाला हेडफोन लावून त्यावर तबला वाजवून परत पाठवायचा, मग हार्मोनियमवाल्याने त्यात आपला हात मिसळायचा, आणि साउंडवाल्याने घरच्या लॅपटॉपवर सगळं एकत्र बसवायचं. दादांकडून आलेलं पहिलं रेकॉर्डिंग मला अजून ऐकू येतं. ते त्यांनी स्वयंपाकघरात केलं होतं, कारण बाहेरच्या खोलीत मुलांचे ऑनलाइन वर्ग चालू होते. पावसाळी हवेने तबल्याची पुडी उतरली होती. सुरुवातीला हातोडीने गट्टे ठोकून सुरात आणल्याचे आवाज होते, ते कापायचे राहून गेले होते. दुसऱ्या अंतऱ्यानंतर लग्गी ऐन रंगात आलेली असताना कुकरची शिट्टी झाली. शिट्टीच्या मागे त्यांचा हात एका मात्रेनेही ढळला नव्हता. ते रेकॉर्डिंग मी पुन्हा करून घेतलं, आणि दोन्ही वेळचे पैसे पाठवले. ते त्यांनी घेतले.

ही व्यवस्था मैफलीची जागा घेईल असं मला कधी वाटलं नाही. मैफलीत मी एखादी जागा घेते, दादा तिला उत्तर देतात, त्या उत्तराने मला पुढचं सुचतं. इथे उत्तर देणारा माझ्या जुन्या आवाजाला उत्तर देत होता, आणि मला ते दोन दिवसांनी कळत होतं. पण तेवढ्याने तिघांच्या घरी कामाचे पैसे गेले. कोणाला कोणाच्या उपकाराखाली राहावं लागलं नाही.

ऑनलाइन मैफलींबद्दलही स्वतःला विचारायचं आहे. फेसबुकवर गाताना कोपऱ्यात एक आकडा दिसतो, आत्ता किती जण पाहत आहेत त्याचा. विलंबित ख्यालाची बढत चालू असली की तो उतरत जायचा. अभंग घेतला की चढायचा. हळूहळू माझा ख्याल आखूड होऊ लागला. समोरच्या श्रोत्यांचे चेहरे वाचून गाणं बदलणं ही आमच्याकडे चुकीची गोष्ट मानत नाहीत. उलट तो मैफल जाणण्याचा गुण समजला जातो. मग आकड्याकडे पाहून बदललं तर वेगळं काय झालं? फरक एवढाच, की चेहरा कंटाळलेला आहे की डोळे मिटून ऐकतो आहे, हे मला समजतं. आकडा फक्त माणूस गेला एवढंच सांगतो. का गेला, दाराची बेल वाजली म्हणून की दवाखान्यातून फोन आला म्हणून, हे सांगत नाही. त्या दिवसांत दोन्ही फार शक्य होतं. अशा मुक्या आकड्यासमोर मी माझी बढत आवरती घेतली, याचं उत्तर मला माझ्या गुरूंना नाही, रागाला द्यायचं आहे. नंतर मी स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि गायले.

त्या मैफली बहुतेक फुकट होत्या. आयोजक म्हणायचे, सध्या बजेट नाही, पण तुमचं गाणं लांबवर पोचेल. लोक घाबरलेले होते, एकटे होते, कोणाचं जवळचं माणूस गेलेलं होतं. अशा वेळी गाण्याचे पैसे मागायचे कसे, हा संकोच मला होता आणि तो खरा होता. पण त्या संकोचाचा भार कोणी उचलला? मी फुकट गायले की साथीदारही फुकट वाजवणार, हे न बोलता ठरून जायचं. माझं दान मी माझ्या खिशातून करू शकते. दुसऱ्याच्या खिशातून ते करायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये सुमारे ५६ हजार कलावंतांसाठी प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. रक्कम पुरेशी होती की नाही, यावर बोलायला इतर पुष्कळ लोक आहेत. मला त्यात स्वतःकडे पाहायला लावणारी बाब दिसली ती वेगळी. अशी कोणतीही मदत मागायची तर आपण कलावंत आहोत याचा काही तरी कागद लागतो. आयुष्य वाजवण्यात गेलेल्या माणसाकडे तो कुठून येणार? त्याचं मानधन बंद पाकिटातून आलेलं, तेही बहुधा गायकाच्या हातून. पत्रिकेवर गायकाचं नाव ठळक, साथीदारांची नावं खाली बारीक अक्षरांत, किंवा नुसतं ‘आणि सहकलाकार’. सरकारदरबारी साथीदार दिसत नाही, याचं एक कारण आम्ही मुख्य कलाकारच त्याला कागदावर दिसू देत नाही.

लॉकडाऊनमध्ये कोण टिकलं, याचं उत्तर मी आता असं देईन. जास्त गुणी होते किंवा जास्त आशावादी होते ते टिकले, असं नाही. ज्यांच्यापाशी दुसरा आधार होता ते टिकले. ज्यांना तो नव्हता त्यांपैकी काहींनी भाजीची गाडी लावली, काही शेतमजुरीला गेले, काहींनी वाद्यं विकली. त्यांच्या कलेत उणं काहीच नव्हतं. मला रियाजाला मिळालेला निवांतपणा हा माझ्या साधनेचा पुरावा नाही. तो माझ्या सुदैवाचा भाग होता, आणि सुदैवाबरोबर जबाबदारी येते.

म्हणून आता मी काही गोष्टी ठरवून करते. प्रत्येक साथीदाराचं मानधन वेगळं आणि लेखी ठरतं, त्याच्या नावावर, त्याच्या खात्यात जातं. कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला तरी साथीदारांना आणि साउंडवाल्याला ठरलेला हिस्सा मिळेल, हे आयोजकाशी आधी बोलून घेते. पत्रिकेवर पूर्ण नाव मागते.

माझ्या बरोबरीच्या गायक-गायिकांना माझी विनंती आहे: हे तुम्हीही करा, पुढचं संकट यायची वाट न पाहता करा. आयोजकांनो, ‘बजेट नाही’ हे आधी मुख्य कलाकाराला सांगा, साथीदाराला नव्हे. आणि रसिकहो, कार्यक्रम संपल्यावर गायकाला भेटायला तुम्ही पुढे येता, तेव्हा दोन पावलं बाजूला जाऊन तबला गवसणीत घालणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा, आणि तुमच्या गणपतीला, तुमच्या घरच्या कार्याला त्याच्या नावाने त्याला बोलावणं धाडा.