कल्हई, मुलामा आणि बॉनेट

सकाळी पांढरं बॉनेट घेऊन बाहेर पडलेली आमची गाडी संध्याकाळी काळं बॉनेट घेऊन परत आली. ‘तोंड काळं करणं’ हा वाक्प्रचार इतका शब्दशः मी कधी पाहिला नव्हता.

“बाबा, कार्बन फायबर!” चिरंजीव म्हणाले.

मी हात फिरवून पाहिला. चटईच्या विणीसारखी नक्षी होती, तिरप्या उन्हात चमकतही होती. पण कोपऱ्यात नख घातलं, तर कार्बन फायबर सुटून वर आलं.

“अरे, हा तर स्टिकर!”

“कार्बन फायबरचा लूक, बाबा. व्हिनाइल आहे. नाहीतर तो नारळाचा डाग झाकायचा कशानं?”

नारळाचा विषय निघाला की मी विषय बदलतो. झाडाखाली गाडी मीच लावली होती.

खरं कार्बन फायबर म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके बारीक धागे. हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवायचे, विणायचे आणि राळेत पक्के बसवायचे. वजनाला हलकं, ताकदीला पोलादाच्या वरचढ. १९८१ साली मॅक्लारेननं त्याचा सांगाडा असलेली पहिली गाडी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरवली. हे ठिसूळ निघेल, अशी काहींना शंका होती. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनच्या गाडीला असा अपघात झाला की इंजिन तुटून वेगळं पडलं, आणि वॉटसन मात्र धडधाकट बाहेर आला.

आणि आमचं? पाव मिलिमीटरहूनही पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा, पाठीला गोंद. गरम हवेनं मऊ करायचा, ताणायचा, पट्टीनं बुडबुडे हाकलायचे. वर गंमत अशी, की खरं फायबर गाडीचं वजन कमी करायला वापरतात. आमच्या गाडीचं वजन त्या पापुद्र्यानं थोडं वाढलंच.

“हा शुद्ध खोटेपणा आहे!” म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. टेबल सागवानी दिसणाऱ्या सनमायकाचं होतं. हिनं काही न बोलता माझ्या केसांकडं पाहिलं. त्यांना मी एक रविवार सोडून कलप लावतो. तेव्हा प्रश्न तात्त्विक पातळीवर नेण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.

विचारांती मला वरून चढवायच्या थराचे तीन प्रकार दिसले. पहिला कल्हईचा. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई नसेल, तर आमटी कळकते. हा थर खालच्याला आणि खाणाऱ्याला, दोघांनाही राखतो. दुसरा आपट्याच्या पानाचा. दसऱ्याला आपण ‘सोनं घ्या’ म्हणून पान देतो. घेणारा ते सराफाकडं नेत नाही. दोघांनाही ठाऊक असलेलं खोटं हे खोटं नव्हे, तो खेळ. तिसरा मुलाम्याचा. एकाला ठाऊक असतं, दुसऱ्याला नसतं आणि मध्ये पैसे असतात.

पंचाईत एवढीच, की आमचा स्टिकर तिन्हीत बसत होता. ऊन आणि चरे अंगावर घेऊन तो खालचा रंग वाचवी, तेव्हा कल्हई. सिग्नलला पोरं वळून बघत, तेव्हा आपट्याचं पान. आणि तिसरा प्रसंग येईपर्यंत दोन वर्षं गेली.

गाडी विकायला काढली. एक गृहस्थ पाहायला आले. मध्यमवर्गी, पहिलीच गाडी, बरोबर बायको आणि लहान मुलगी. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि मला विचारलं, “काका, पुढून कधी काही काम केलंय का?”

एवढं तत्त्वज्ञान करून ठेवलेला मी, तोंडातून आलं काय, तर “कार्बन फायबरचं डिझाइन आहे, बघा ना!” यात एक शब्दही खोटा नव्हता. माझ्या पापाची हीच खुबी होती.

चिरंजीव पुढं झाले. कोपरा धरून त्यांनी स्टिकर वीतभर सोलला. खाली ठोकून सारखा केलेला पत्रा, पुट्टी आणि न जुळलेला पांढरा रंग. “नारळ पडला होता,” ते म्हणाले. झाड आणि झाडाखाली गाडी लावणारा, दोघांचीही नावं त्यांनी घेतली नाहीत.

किंमत आठ हजारांनी उतरली. व्यवहार ठरल्यावर चिरंजीव उरलेला स्टिकर काढू लागले, तर ते गृहस्थ म्हणाले, “राहू द्या हो. मुलीला आवडलाय.” त्यांनी सोललेला कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला. तोच पापुद्रा, तीच जागा. पण मघाचा मुलामा आता आपट्याचं पान झाला होता.

कलप मी अजूनही लावतो. मात्र कोणी वय विचारलं, तर खरं सांगायचं ठरवलं आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.