मोठ्या गाडीची चूक

हिंजवडीजवळ मारुंजीकडून नेरे गावाला येणाऱ्या रस्त्यावर कोणी कोणाला धडकलं की माणसं जमतात आणि निकाल जागेवरच लागतो. डंपर आणि मोटारसायकल असेल तर चूक डंपरची. मोटारसायकल आणि सायकल असेल तर मोटारसायकलची. कोण कुठून वळला, हात दाखवला होता का, हे सगळं नंतर. शिकलेली माणसं या न्यायाला हसतात, वकील तर हमखास. मला मात्र दीडशे वर्षांचा कायदा बरेच वळसे घेऊन याच न्यायाच्या आसपास पोचलेला दिसतो.

निघाला होता तो उलट्या टोकापासून. 1860च्या भारतीय दंड संहितेत 1870 साली कलम 304अ आलं. हयगयीने कोणाचा जीव घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, हे 2024पर्यंत चाललं. रस्त्यावर तेव्हा टांगे आणि बैलगाड्या होत्या. प्रश्न एकच होता, हाकणाऱ्याचं चुकलं का? मोटारी आल्या तरी प्रश्न तोच राहिला. आजही फिर्यादीत ती ठरलेली ओळ येते, ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’. पंचनाम्यात टायर घासल्याची खूण किती फूट, काचा कुठे, एक चप्पल साइडपट्टीवर आणि दुसरी डांबरावर, असं सगळं उतरवून घेतात, आणि त्या चपलेवरून माणूस कडेने चालला होता की मधून, यावर पुढे कोर्टात वाद रंगतो. पाहणारं कोणी नसेल तर गेलेल्याची बाजू सांगायला चप्पलच उरते. चालक असतो. तो सांगतो, ‘अचानक आडवा आला.’

1939च्या मोटार वाहन कायद्यानं दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्यासाठीचा विमा सक्तीचा केला. ती सक्ती प्रत्यक्षात 1946पासून लागू झाली. 1956च्या दुरुस्तीनं दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. म्हणजे पैसे विमा कंपनीचे, न्यायालय वेगळं, तरी दारावरची अट जुनीच: आधी चालकाची चूक सिद्ध करा. मुंबई उच्च न्यायालयानं एका खटल्यात या अटीलाच हात घातला. गाडीच्या वापरातून इजा झाली एवढं पुरे, हयगय सिद्ध करायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. 1977 साली मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते अमान्य केलं. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबरही असेल. पण पाचच वर्षांनी, 1982मध्ये, संसदेनं कायद्याचं अक्षरच बदललं. चूक कोणाचीही असो, मृत्यूला 15,000 रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500. गेलेल्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून त्यातला एक रुपयाही कापता येणार नव्हता. रक्कम तेव्हाही अपुरीच. पण ‘आडवा आला’ हे वाक्य एका कलमापुरतं का होईना, निकामी झालं. 2019च्या दुरुस्तीनंतर हा आकडा मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांवर गेला. त्याहून जास्त हवं असेल तर मात्र पुन्हा चूक सिद्ध करण्यापासून सुरुवात.

नेदरलँड्सचा कायदा याहून पुढे गेला. चौदा वर्षांखालचं मूल पायी किंवा सायकलवर असेल तर त्याला जवळपास नेहमीच पूर्ण भरपाई. मोठ्या माणसाची चूक असली तरी सहसा किमान निम्मी. तिथला हिशेब सरळ आहे: ते टनभर लोखंड रस्त्यावर ज्यानं आणलं, त्याच्याबरोबर येणारा धोकाही त्याचाच. नेऱ्यातला घोळका याहून वेगळं काय म्हणतो?

घोळका चुकतो तो पुढच्या पायरीवर, चालकाची कॉलर धरतो तेव्हा. भरपाईला चूक लागू नये, पण शिक्षेला लागलीच पाहिजे, आणि तीही मोजून. 2006 साली मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले. सत्र न्यायालयानं 304अ धरून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयानं चालक प्यायलेला होता, परिणामाची त्याला जाणीव होती, असं धरून ती तीन वर्षांवर नेली आणि 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. इथे गाडी किती मोठी होती हा मुद्दाच नव्हता.

चूक कोणाची आणि भरपाई कोणाची यांच्यानंतर अलीकडे तिसरा प्रश्न पुढे आला आहे, रस्ता कोणाचा? 2025च्या जानेवारीत हिंजवडीत काँक्रीटचा मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणी गेल्या. चालकावर गुन्हा दाखल होतो, ते ठीकच. पण गावरस्त्यावर मिक्सर कुठल्या वेळी सोडायचा, वळणाला उतार किती ठेवायचा, हे चालक ठरवत नाही. 2019च्या दुरुस्तीनं सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची सोय केली. 2025च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख द्यायला सांगितले. आता नेऱ्यात हे पैसे मागायचे कोणाकडे? पुणे महानगराचं विकास प्राधिकरण पीएमआरडीए, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, शेजारी एमआयडीसी. शिवाय हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, गहुंजे, सांगवडे यांच्याबरोबर नेरे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची चर्चा कित्येक वर्षं नुसती चालूच आहे. मालक नक्की नसलेल्या रस्त्यावर दंड कोणाला, हे मी तरी सांगू शकत नाही.

आणि या सगळ्या प्रवासात एक जण मागेच राहिला. सुट्टीच्या सकाळी कासारसाई धरणाकडे सायकलींचा जथा सुसाट जातो. त्यातली एखादी गवताचा भारा घेऊन निघालेल्या म्हातारीला लागली तर? सायकल कायद्यानं मोटार वाहन नाही. अडीचशे वॉटपर्यंतची, पंचवीसच्या वेगावर न जाणारी विजेवरची दुचाकीही नाही, आणि हिंजवडीत डिलिव्हरीची पोरं त्याच चालवतात. त्यांना विम्याची सक्ती नाही, अपघात न्यायाधिकरणात दावा नाही, ते पाच लाखही नाहीत. फौजदारी कायद्यातली हयगय सायकललाही लागू आहे, पण त्यातून म्हातारीच्या मोडलेल्या खुब्याचा खर्च निघत नाही. तिनं दिवाणी न्यायालयात जायचं, कोर्ट फी भरायची आणि चालवणाऱ्याची चूक होती हे साक्षीदारांनिशी सिद्ध करायचं. डंपरखाली सापडली असती तर निदान विमा कंपनी तरी समोर असती.