पुढे काय बदलावे?

हाती चांगली वस्तू आली की माणसाला समाधान लाभावे, असा साधा हिशेब आहे. व्यवहारात मात्र उलटे दिसते. ज्याच्या घरी काहीच नाही तो कानी पडेल त्या गाण्यावर डोलतो. आणि ज्याच्या घरी उत्तम आहे तो त्यात उणे काय हे शोधत बसतो. घरी उंची ध्वनियंत्र बाळगणाऱ्या रसिकांकडे पाहिले म्हणजे हे चांगले कळते. तबकडी वाजविणारे यंत्र आहे, ॲम्प्लिफायर आहे, दोन बाजूंना दोन भारी स्पीकर आहेत. तरी जिवाला एकच घोर, की आता पुढे काय बदलावे? प्रश्न यंत्राचा दिसतो, पण आमच्या मते तो विवेकाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम या रसिकाला लोभी म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. तंबोऱ्याची जवारी लागल्यावाचून गवई गात नाही. पखवाजाला कणीक लावून, गट्टे ठोकून तो स्वरात आणल्यावाचून वाजविणारा हात उचलीत नाही. त्याला आपण लोभी म्हणतो काय? १९३१ साली ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने दोन वाटांनी ध्वनी नोंदण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले, तेव्हापासून कित्येकांनी या विद्येत आयुष्य वेचले आहे. तेव्हा सुधारणा करावी की नाही, हा वादच नाही. वाद एवढाच, की कशाची, कोणत्या क्रमाने, आणि कोठवर?

येथे एक पक्ष असा आहे की, आधी मूळ सुधारा. १९७० नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने हे मत जोराने मांडले. तबकडीवरून जे उचललेच गेले नाही, ते पुढचे कोणते यंत्र आणून देणार? हा युक्तिवाद खोटा नाही. पण बिघाड कोठे किती होतो, हेही पाहिले पाहिजे. बऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये विकृती शेकडा एकाच्याही शंभराव्या हिश्शाएवढी असते. स्पीकर मोठ्याने वाजू लागला की खर्जात ती शेकडा एकावर सहज जाते. आणि शक्तीचे म्हणाल, तर ५० वॉटचे यंत्र काढून १०० वॉटचे आणले तर पदरात ३ डेसिबल पडतात. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दसपट शक्ती लागते.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे खोली. ५० हर्ट्‌झच्या खर्जाची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासची अर्धी लाट बरोबर मावते. मग तो स्वर भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एकाच घरात एका खुर्चीवर पखवाज घुमतो, दुसरीवर तो मुका होतो. हा दोष कोणती मोलाची तार घालविणार? स्पीकर भिंतीपासून पुढे ओढावा, खुर्ची दोन हात सरकवावी, याला पैसा पडत नाही. जाड गालिचा, पडदे यांनी वरच्या सुरांची खडखड कमी होते. खर्जाला मात्र चांगले जाड, खोल शोषक लागतात. हे सोपे उपाय बहुधा शेवटी आठवतात, कारण त्यांत नवी वस्तू घरी येत नाही.

कोणी म्हणेल, ‘पण आम्हाला फरक प्रत्यक्ष ऐकू येतो!’ याची परीक्षा झालेली आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकविले. दिसताच मोठ्या देखण्या स्पीकरांचे गुण वाढले, लहान स्वस्ताचे घटले. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च प्रतीच्या तबकड्यांचा आवाज साध्या सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झच्या मापातून काढून ऐकविला. पाचशेहून अधिक चाचण्यांत उत्तरे निम्मी बरोबर आली, म्हणजे नाणे उडविल्यासारखीच. ऐकणारे खोटे बोलत होते असे नव्हे. डोळा कानाशी कुजबुजतो, आणि किंमत डोळ्याशी.

फ्रान्समधल्या दिदरो नावाच्या तत्त्ववेत्त्याने १७६९ साली आपल्या जुन्या झग्यावर एक निबंध लिहिला. नवा उंची झगा आला, आणि त्याच्यापुढे घरातले जुने सामान ओशाळवाणे दिसू लागले. मग एकेक करून सगळेच बदलले. जुन्या झग्याला लेखणी पुसली तरी चालत होती. नव्याला जपावे लागे. ध्वनियंत्राचे असेच होते. नवा स्पीकर जुन्या ॲम्प्लिफायरचे उणे दाखवितो, नवा ॲम्प्लिफायर तारेचे.

म्हणून असमाधानाचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. एक गाण्यातून उपजते: गायिकेचे शब्द नीट कळत नाहीत, खर्ज गढूळ होतो. दुसरे तुलनेतून उपजते: किंमतीचे पत्रक चाळले आणि कालपर्यंत गोड असलेले आज फिके झाले. पहिल्याला दोषाचे नाव सांगता येते, दुसऱ्याला फक्त वस्तूचे. तेव्हा आधी दोषाचे नाव सांगावे. मग फुकटचे उपाय करावे. मग नवी वस्तू उसनी आणून, आवाज सारखा ठेवून, दुसऱ्याकरवी न पाहता बदलून ऐकावी; कारण किंचित मोठे वाजणारे नेहमीच चांगले वाटते. एवढे करून फरक कळला आणि घरच्यांच्या गरजेला चिमटा बसत नसला, तर खुशाल घ्यावी. कोणाला यंत्राशी खेळण्यातच आनंद असेल, तर तोही निर्मळ आहे. फक्त त्याला संगीतप्रेम म्हणू नये.

आणखी एक गोष्ट राहिली. दोन स्पीकरांचा खरा मेळ एकाच जागी बसतो. यंत्र जसे नेमके होत जाते तशी ती एक खुर्ची मोलाची होते, आणि बाकीचे घर खोलीबाहेर उभे राहते. मुलाने आत पाऊल टाकले तर ‘हलू नको’ म्हणून दटावायचे! ज्या सुधारणेने सूर स्पष्ट झाला पण ऐकणारी माणसे उणी झाली, ती कशाची सुधारणा?

शिवाय कान काही थांबत नाहीत. वय वाढते तसे वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. उत्तम यंत्र जुळेपर्यंत ऐकणे लांबणीवर टाकणारा, ज्या सुरांसाठी पैसे साठवितो तेच गमावीत असतो. म्हणून ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांना आमचे इतकेच सांगणे: आहे त्या यंत्रावर महिनाभर रोज तासभर, घरच्यांना जवळ बसवून ऐका. महिन्याअखेरी दोषाचे नाव सांगता आले, तर तो दुरुस्त करा. यंत्राची आठवणच झाली नसेल, तर ते पुरेसे आहे असे समजून पुढचा महिनाही ऐकण्यातच घालवा.