तोट्याचा धनी कोण?

व्यापार विहित आणि व्याज निषिद्ध, हा जो भेद कुराणाच्या ‘अल-बकरा’ या अध्यायात केलेला आहे, त्याची टवाळी करणे फार सोपे आहे. कारण शंभर रुपये उसने देऊन वर्षअखेर एकशे दहा घेणे हे पाप आणि शंभराचा माल वर्षाच्या उधारीवर एकशे दहाला विकणे हे विहित, असे कोणी सांगू लागला तर हिशेबी माणसाला हसू यावे हे स्वाभाविक होय. परंतु शास्त्रकारांच्या मनातील तत्त्व एवढ्या उदाहरणात मावणारे नाही. ज्याने जोखीम उचलली नाही त्याने नफ्यावर हक्क सांगू नये, हे ते तत्त्व. आणि त्याचे शुद्ध रूप पाहावयाचे तर मुदारबा नामक भागीदारीकडे पाहिले पाहिजे. तीत एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम व अक्कल. नफा ठरल्या प्रमाणात दोघांचा, आणि हयगय वा लबाडी सिद्ध न झाल्यास पैशाचा तोटा सर्वस्वी भांडवलवाल्याचा. तारण ठेवण्यास जमीन नाही पण अंगी कर्तृत्व आहे, अशा माणसापर्यंत पैसा पोचविण्याचा याहून न्याय्य मार्ग अर्थशास्त्राला अद्याप सुचला आहे, असे मला वाटत नाही.

या विचाराचा आधुनिक काळातील पहिला गाजलेला प्रयोग १९६३ साली ईजिप्तमध्ये, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मीत घम्र येथे, अहमद अल-नज्जार या अर्थशास्त्रज्ञाने केला. जर्मनीतील स्थानिक बचत-पेढ्यांचा नमुना नज्जारांनी डोळ्यांपुढे ठेवला, आणि नासरच्या राजवटीत धर्माची पताका मिरविणे इष्ट नसल्याने पेढीच्या पाटीवर धर्माचे नाव येऊ दिले नाही. व्याजाच्या धास्तीने बँकेची पायरी न चढणारे शेतकरी आपली पुंजी तेथे आणू लागले. बचत करणाऱ्यास बिनव्याजी लहान कर्ज मिळे, आणि गुंतवणुकीचा पैसा आसपासच्या धंद्यांत नफातोट्याच्या वाट्याने लागे. १९६७ मध्ये सरकारी बँकांनी हा प्रयोग पोटात घेतला.

पुढे तेलाचा पैसा आला, १९७५ मध्ये जेद्दाची इस्लामी विकास बँक व दुबई इस्लामी बँक उभ्या राहिल्या, आणि तत्त्वाची जागा हळूहळू दस्तऐवजाने घेतली. नव्या बँकांचा बहुतेक व्यवहार मुराबहाचा होऊन बसला : गिऱ्हाइकाला हवा तो माल बँकेने विकत घ्यावा आणि नफा चढवून हप्त्यांनी त्यालाच विकावा. माल क्षणभर तरी बँकेच्या मालकीचा असतो, म्हणून शास्त्राची अट पाळली जाते. पण तो क्षण इतका आखूड, आणि नफ्याचा आकडा पुष्कळदा बाजारातील व्याजदराकडे पाहून ठरविलेला, की जोखीम कोठे गेली हे शोधावे लागते. यात सगळी लबाडी बँकांचीच आहे असे मात्र नाही. ठेवीदाराला आपली मुद्दल बुडालेली चालत नाही, व्यापारी खऱ्या वह्या दाखवीत नाही, आणि अनेक देशांचे करविषयक कायदे कर्जाच्या व्याजाला वजावट देतात पण भागीदाराच्या नफ्याला देत नाहीत. ब्रिटनमध्ये तर घर आधी बँकेने व मग गिऱ्हाइकाने घेतले म्हणून मुद्रांकशुल्क दोनदा भरावे लागे. तो जाच २००३ च्या कायद्याने दूर केला.

कायद्याची खरी कसोटी न्यायालयात लागते. बहरीनच्या शामिल बँकेने बांगलादेशातील बेक्झिमको या औषध-कंपनीवर लंडनमध्ये फिर्याद केली, तेव्हा ‘हा करार म्हणजे व्याजाचेच सोंग आहे, सबब शरियतीने रद्दबातल आहे’ अशी कैफियत देणारा ऋणको होता, आणि इस्लामी बँक करारातील अक्षराला चिकटून बसली होती! २००४ मध्ये अपील न्यायालयाने निवाडा दिला की कराराला कोणत्या तरी एका देशाचाच कायदा लागू होतो, शरियतीच्या तत्त्वांचा मोघम उल्लेख पुरेसा नाही. मलेशियाने उलट वाट धरली : मध्यवर्ती बँकेच्या शरियत-मंडळाचे मत २००९ च्या कायद्याने न्यायालयांवर बंधनकारक केले, आणि तेथील संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये ती तरतूद निसटत्या बहुमताने वैध ठरविली. निश्चितता आली खरी, पण पंडितांच्या मतावर न्यायाधीशाला बोलता येऊ नये, हे मला पटत नाही.

कर्जखताच्या मागे जाऊन पाहण्याची विद्या आपल्याकडे अपरिचित नाही. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात मानला जाई; तो चुकविण्यासाठी सावकार जुने खत फाडून व्याजासकट नवे लिहून घेत. सावकारांविरुद्ध उठलेल्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यानंतर १८७९ चा शेतकरी-कायदा झाला, आणि त्याने न्यायाधीशाला व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास उकरण्याचा अधिकार दिला. अर्थात अशा अधिकाराचा लाभ नेहमी दुबळ्यालाच होतो असे नाही, हे बेक्झिमकोच्या दाव्यावरून दिसते. तरीही त्याच्याविना व्याजाच्या निषेधाला काही अर्थ उरत नाही.

पाकिस्तानात संघीय शरियत न्यायालयाने १९९१ मध्ये व्याज अवैध ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यास दुजोरा दिला, २००२ मध्ये तो निर्णय रद्द झाला, आणि २०२२ मध्ये शरियत न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. आता २०२४ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने १ जानेवारी २०२८ पूर्वी रिबा, म्हणजे व्याज, समूळ नाहीसा करावा असे कलम घातले आहे. तारीख घालणे सोपे आहे. पण व्यापाऱ्याच्या वह्या उघडण्याची सक्ती, भागीदारीला करात समान वागणूक आणि खताच्या मागे पाहणारे न्यायाधीश, या तीन गोष्टी तोवर झाल्या नाहीत तर त्या दिवशी पाकिस्तानात मुराबहाचे छापील फॉर्म तेवढे वाढलेले असतील.