सव्वा, साडे, पावणे

जरा टेकून बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतोय, जातोय, त्याला तसाच येऊ-जाऊ द्या.

आता डोळ्यांपुढे सतराव्या शतकातल्या लंडनमधली एक भिंत आणा. तिच्यावर जेमतेम हातभर उंचीचं पितळी घड्याळ टांगलंय. चार कोपऱ्यांना चार खांब, माथ्यावर घंटा. पुढे लोक याला लँटर्न क्लॉक म्हणू लागले.

एका खांबावर नजर स्थिर करा. वाळूच्या साच्यात ओतलेलं हे पितळ. मग चरकावर धरून त्याला गोलाई दिलेली. लंडनची लॉथबरी गल्ली अशा ओताऱ्यांची. तिथल्या कर्कश खरवडीबद्दल इतिहासकार जॉन स्टो यांनी १५९८च्या आपल्या ग्रंथात नाराजी नोंदवली आहे. त्याच गल्लीत पुढे थॉमस निफ्टन यांनी घड्याळं घडवली. एवढ्या गोंगाटातून इतकी शांत वस्तू यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नजर हळूच तबकडीवर आणा. मध्यभागी कोरलेली ट्युलिपची फुलं. भोवती रोमन आकडे, खोल कोरून काळ्या मेणाने भरलेले. आणि काटा एकच. मिनिटं शोधू नका, ती इथे नाहीत. दोन आकड्यांमध्ये चार घरं आहेत. काटा तीनच्या पुढे एक घर सरकलाय. मनातल्या मनात म्हणा, सव्वातीन. आणखी एक घर, साडेतीन. मग पावणेचार. आपल्या तोंडी असलेला काळ या तबकडीवर किती चपखल बसतो! या एका घरातच थोडा वेळ थांबा. काटा हलताना दिसत नाही. दिसायची गरजही नाही.

आता कान द्या. टिक... टक. आधी इथे घड्याळाची चाल सांभाळणारं तोलचक्र डुलत असे. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स यांनी १६५६मध्ये लंबक घड्याळात आणला, १६५८मध्ये घड्याळजी फ्रोमंटील यांनी लंडनमध्ये तशा घड्याळांची जाहिरात दिली. मग कितीतरी जुन्या घड्याळांतलं तोलचक्र काढून लंबक बसवला गेला.

मागच्या बाजूला एक चाक आहे, कडेला खाचा असलेलं. पहिल्या खाचा जवळजवळ, पुढच्या लांब लांब. त्या अंतरावरूनच घंटा ठोके मोजते, बारा तासांत अठ्ठ्याहत्तर.

चार वाजतायत. पहिला ठोका पडू द्या. त्याचा नाद पितळात विरेपर्यंत ऐका. दुसरा. तिसरा. चौथा.

घड्याळ चालवणारं दोरीचं वजन बरंच खाली आलंय. दोरी हातात घ्या. सावकाश ओढा.